कुत्र्यांचा वाटा

मोंतेविदेओ, १४ मार्च १९९६

प्रिय झुल्मा,

"कुत्र्यांचा वाटा आधी, मग आपण," असं आजोबा म्हणायचे, आठवतं का ग तुला? मेंढा सोलून झाडाला टांगलेला असायचा, निखारे तयार असायचे, आपण पोरं भुकेनं कावलेली असायचो. आणि आजोबा सातुर्निनो मात्र आधी कलेजी, फोपसं, आतडी खाली काढून मोरोपुढे टाकायचे. त्यानं राखलेलं, त्यानं आधी खायचं, असा त्यांचा न्याय. आज तुझं पत्र वाचलं आणि चाळीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य इतक्या वर्षांत पहिल्यांदा कानात आलं. का, तर तू घोड्यावरून पडलीस, बरगडीला मार बसला, हे मला तिसऱ्या पानावर कळलं. पहिली दोन पानं तुझ्या कुत्र्यानं, तेरोनं, धावत जाऊन शेजारच्या आनीबालला कसं बोलावून आणलं ह्याचीच आहेत! तू आजोबांचीच नात.

आता मुद्द्याचं. बरगडी बघायला म्हणून त्यांनी सीटी स्कॅन काढला आणि डाव्या किडनीत 'काहीतरी' दिसलं. तू ते एका ओळीत लिहून पुढे कोंबड्यांकडे वळलीस. मी काही वळले नाही. पण घाबरलेही नाही, आणि तूही घाबरू नकोस. मी रोज त्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांची पोटं फिल्मवर बघते. पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी माणसांच्या किडनीवर पाण्याचा एखादा फुगा असतो. दुसऱ्याच कशासाठी तरी फोटो काढतात आणि तो सापडतो. तो मरेपर्यंत तिथेच असतो आणि कुणाला काही करत नाही. काही गाठींत चरबी असते, त्याही बहुतेक गरीब स्वभावाच्या. तेव्हा 'काहीतरी' ह्या शब्दाला काही अर्थ नाही. मला फिल्म पाठव. बसच्या ड्रायव्हरकडे दिल्यास तर मी टर्मिनलवर जाऊन घेईन. रिपोर्टवर काय लिहिलंय तेही शब्द न बदलता उतरवून पाठव.

बाकी मी ठीक. उजव्या बरगडीखाली तो माझा जुना भार आहेच. दिवसभर वाकून बसण्याचा परिणाम. खुर्ची बदलायला हवी.

तुझी,
इर्मा

*

सारांदी, २३ मार्च

इर्मा,

फिल्म उद्याच्या बसनं निघतील. आजच पाठवणार होते, पण पोलाला अजून दाखवायच्या राहिल्या होत्या.

त्याचं असं झालं. शहरातनं आले ती एवढा मोठा लिफाफा घेऊन, घोड्याच्या खोगिराएवढा. बसमध्ये सगळे विचारायला लागले. घरी आल्यावर मी त्या फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवल्या, म्हटलं उजेडात नीट दिसतील. तेवढ्यात आनीबाल दूध घेऊन आला. बराच वेळ बघत उभा राहिला आणि नेहमीच्या आदबीनं म्हणाला, "दोन्या झुल्मा, ह्यातल्या तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, "सगळ्याच मी." तर म्हणतो, "एवढ्या? मला वाटलं कळप आहे." संध्याकाळी त्याची बायको पोला आली, तिच्या मागनं पोरं आली. मातेचा कडू चहा हातोहात फिरत होता, आणि सगळे माझ्या पोटाकडे बघत होते. पोलानं त्या गोलावर बोट ठेवलं. "हा चंद्र कसला?" मी म्हटलं, "तेच तर इर्माला विचारायचंय."

रिपोर्टमधलं उतरवते: डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला गुंतागुंतीची पाणगाठ, आत पडदे, ट्यूमर नाकारता येत नाही.

इथले डॉक्टर बारेइरो भले आहेत. तरुण आहेत, हात गार असतात. त्यांनी सगळं विचारलं, कुत्रं आहे का तेही विचारलं. मी सांगितलं, एक आहे, दर महिन्याला सरकारी औषधवाला येऊन जंताची गोळी देतो, नियमाप्रमाणे. रक्तही तपासलं, काही निघालं नाही. म्हणून त्यांनी कुत्र्यांपासून होणाऱ्या रोगाची शंका खोडली. आता सुई घालून आतलं थोडंसं काढून बघणार आहेत. लहानसं काम आहे म्हणाले.

बिही फळांचा मुरंबा घातला. तुझ्यासाठी एक बरणी फिल्मबरोबर येतेय, ड्रायव्हरला म्हटलं आडवी ठेवू नकोस. तेरो रुसलाय. काल दिवसभर खुराड्यात होता म्हणून. कोंबड्याही रुसल्यात. आज एकही अंडं नाही.

झुल्मा

*

मोंतेविदेओ, २ एप्रिल

प्रिय झुल्मा,

फिल्म पोचल्या. मुरंबा पोचला, आडवा झाला नव्हता. इथे हवा बदलली. दोन दिवस नदीवरून वारा सुटलाय आणि किनाऱ्यावरच्या झाडांची पानं रस्त्यावर आली आहेत. सकाळी धुकं असतं, दुपारी ऊन पडतं. कपडे वाळत नाहीत. तुमच्याकडे अजून गरम असेल. यंदा हिवाळा लवकर येणार असं म्हणतात.

फिल्म मी दोनदा बघितल्या. आणखी एकदा बघणार आहे. सहकारी डॉक्टरांनाही दाखवायच्या आहेत. काही घाई नाही.

दोन-तीन गोष्टी विचारायच्या होत्या, सहज म्हणून. तू मेंढा कापतेस तेव्हा आतलं कोण खातं? लहानपणी घरात कुणाला कसली पाणगाठ झाली होती का, मावशीला, मामाला? आणि डॉक्टर सुई कधी घालणार? तारीख असेल तर कळव. शक्य असेल तर थोडं थांबव. मी त्यांना लिहीनच, पण आधी तुझं उत्तर हवं.

तुझी,
इर्मा

*

सारांदी, ११ एप्रिल

इर्मा,

मी तुला तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ओळखते. आयुष्यात तू मला कधी हवेबद्दल लिहिलं नाहीस. तुझा बाप गेला तेव्हासुद्धा नाही. आणि आता वारा, धुकं, न वाळणारे कपडे! अर्धं पान!

मग काय आहे ते सांग. मी मोठी बाई आहे. माझा माणूस गेल्यावर हे रान मी एकटीनं चालवलं, दोन दुष्काळ काढले. एका चंद्राला घाबरणार नाही. पण तू घाबरलीस आणि मला सांगितलं नाहीस तर मात्र मी घाबरेन.

सुई ह्या महिन्याच्या सव्वीस तारखेला आहे. मी आनीबालशी बोलून ठेवलंय. माझं काही बरंवाईट झालं तर मेंढ्या त्यानं बघायच्या. आणि तेरोही त्याच्याकडे जायचा. आनीबाल म्हणाला, "मेंढ्या घेतो, पण तेरो माझं ऐकेल का?" मी म्हटलं, "माझं तरी कुठे ऐकतो?"

तू विचारलंस त्याचं उत्तर: घरात कुणाला काही नव्हतं. मामाला होतं म्हणतात, पण तो गुरं घेऊन ब्राझीलच्या बाजूला गेला, मग कुणी विचारलं नाही. तेरो मी खाते तेच खातो.

झुल्मा

*

मोंतेविदेओ, १५ एप्रिल

प्रिय झुल्मा,

तू म्हणतेस ते खरं आहे. हवेबद्दल लिहिलं कारण दुसरं काय लिहावं ते सुचत नव्हतं. मला वाटलं होतं साधा फुगा निघेल. तसा तो नाही.

आता सगळं सांगते, तू खिडकीशी उभी राहून ऐकते आहेस असं समजून.

सीटीत हाड पांढरं दिसतं, मांस करडं, पाणी त्याहून काळपट, चरबी आणखी काळी. तुझ्या त्या चंद्राच्या आत पाणी आहे. पण साध्या फुग्यासारखं एकजीव पाणी नाही. मोठ्या गोलाच्या आत, कडेला लागून, लहान लहान गोल बसले आहेत. आणि गंमत अशी की लहान गोलांतलं पाणी मोठ्यातल्या पाण्यापेक्षा पातळ दिसतं. बाहेरच्या भिंतीवर एका बाजूला पांढरी रेघ आहे, अंड्याच्या टरफलासारखी. तुझे फोटो त्यांनी दोनदा काढले, एकदा नुसते आणि एकदा शिरेतून औषध सोडून. रक्त पिणारी, वाढणारी गाठ ते औषध पिते आणि उजळते. तुझ्या गाठीतले पडदे उजळले आहेत का? मी तीन वेळा बघितलं. माझ्या मते नाहीत. माझ्या एका सहकाऱ्याच्या मते एक पडदा किंचित उजळलाय. म्हणजे दोन शक्यता. एक म्हणजे ट्यूमर, तो पाण्याच्या पिशवीचं रूप घेऊन बसलेला. दुसरी ती, जी शाळेत बाईंनी तक्त्यावर दाखवली होती. मेंढीच्या फोपसातले पाण्याचे गोळे कुत्रा खातो, त्याच्या पोटात बारीक फीतकृमी होतात, त्यांची अंडी त्याच्या केसांवर येतात, आपण त्याला कुरवाळतो आणि त्याच हातानं भाकरी खातो. मग कित्येक वर्षं आपल्या आत एक गोळा गुपचूप वाढतो. तो बहुतेक वेळा यकृतात वाढतो, कधी फुप्फुसात. क्वचित किडनीत. हायडॅटिड गाठ.

किडनीत असली तर रक्ताची तपासणी पुष्कळदा काहीच सांगत नाही. त्यामुळे रक्त ठीक आहे ह्यावर मी जात नाही. पण डॉक्टर बारेइरोंनी ती शंका खोडली ती तुझ्या शब्दावर. तू सांगितलंस कुत्र्याला दर महिन्याला गोळी मिळते. आणि झुल्मा, ती शंका खरी असेल तर सुई घालणं हे लहानसं काम नाही. ट्यूमर समजून, काही तयारी न करता त्या पिशवीला भोक पाडलं आणि आतलं पाणी पोटात सांडलं, तर माणूस तिथल्या तिथे जाऊ शकतो. वाचला तर त्या एका गोळ्याचे पोटभर गोळे होतात.

म्हणून मला खरं हवंय. 'मी खाते तेच खातो' हे उत्तर नाही, तू कच्ची फोपसं खात नाहीस. आणि तुझ्या मार्चच्या पत्रात एक ओळ आहे, मी ती पुन्हा पुन्हा वाचते. तेरो दिवसभर खुराड्यात होता. मेंढ्या राखणारा कुत्रा दिवसभर कोंबड्यांच्या खुराड्यात काय करत होता?

सव्वीस तारखेच्या आत लिही.

इर्मा

*

सारांदी, १९ एप्रिल

इर्मा,

तू डॉक्टर झालीस ते चुकलं. पोलीस व्हायला हवं होतं.

बरं, ऐक. औषधवाला दर महिन्याला येतो. लांबून त्याच्या मोटारसायकलचा आवाज आला की मी तेरोला खुराड्यात घालते आणि दाराला फळी लावते. औषधवाला विचारतो, "कुत्रं कुठंय, दोन्या?" मी म्हणते, "आनीबालबरोबर रानात." आनीबालकडे गेला की तो म्हणतो, "माझी दोन्ही कुत्री दोन्या झुल्माकडे आहेत." अख्ख्या ह्या भागात एकही कुत्रं घरी नसतं त्या दिवशी. तो बिचारा कागदावर टिक करतो आणि माते पिऊन जातो. त्यालाही माहीत असणार. मागच्या महिन्यात आत तेरो भुंकला तर म्हणाला, "तुमच्या कोंबड्यांचा घसा बसलाय."

तू विचारशील का. मोरोमुळे.

तुला सांगितलं होतं ना, मोरो एका गुराख्याबरोबर निघून गेला म्हणून? तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, रडून रडून ताप काढला होतास. म्हणून तसं सांगितलं. तो कुठे गेला नव्हता. तेव्हा गोळ्या नव्हत्या, बाटलीतलं औषध असायचं. कुत्र्याला बांधायचे, तोंड उघडून ओतायचे, आणि पोट पार रिकामं होईपर्यंत सोडायचे नाहीत. मोरो म्हातारा झाला होता. उन्हात बांधलेला. दुपारी त्याचे पाय गेले. आजोबा त्याच्याशेजारी जमिनीवर बसून होते. दुसऱ्या दिवशी तो मेला. मी तेरा वर्षांची होते, मी बघितलं. आजोबांनी त्याला बिहीच्या झाडाखाली पुरलं, आणि त्यानंतर आमच्या कुत्र्यांना औषधवाला कधी भेटला नाही. मी तेच पुढे चालवलं. चूक आहे हे मला कळतं. पण मोटारसायकलचा आवाज आला की हात आपोआप फळीकडे जातो.

आणि हो, फोपसं तोच खातो. कच्ची. आधी तो, मग मी.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच बस धरून शहरात गेले. डॉक्टर बारेइरोंना म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं." सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"दोन्या, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"तुमच्याशी नाही हो. औषधवाल्याशी. तुम्ही नेमके मध्ये आलात."

त्यांना हसायचं नव्हतं, पण हसले. मग म्हणाले, "सव्वीस तारखेला मी सुई घातली असती." मी म्हटलं, "हो." त्यांचे हात त्या दिवशी नेहमीपेक्षा गार होते. सुई रद्द झाली. ते तुला आजच पत्र टाकतायत.

आता तू सांग, मी वाचणार की नाही.

झुल्मा

*

मोंतेविदेओ, २ जून

प्रिय झुल्मा,

वाचणार. मेमध्ये आपण नव्यानं काढलेल्या फोटोंवर आता आमच्या इथे कुणाचंही दुमत नाही. ज्या सहकाऱ्याला पडदा उजळलेला दिसत होता तोही आता म्हणतो की नाही उजळत. डॉक्टर बारेइरोंशी मी फोनवर बोलले. भला माणूस आहे. तो म्हणाला, "मला जे सांगितलं ते मी लिहून घेतलं, आणि लिहून घेतल्यावर ते खरंच वाटायला लागलं." माझंही तसंच होतं कधीकधी. फिल्मबरोबर आलेला कागद आधी वाचला की डोळ्यांना तेच दिसतं. हल्ली मी कागद उलटा ठेवते आणि आधी फिल्म बघते.

ऑपरेशनआधीच्या तुझ्या गोळ्या चुकवू नकोस. त्यांनी आतले जीव अशक्त होतात, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी एखादा थेंब सांडला तरी धोका कमी. ऑगस्टमध्ये इथे ये. सर्जनशी बोलणं झालंय. तो गाठ तेवढी काढणार, किडनी ठेवण्याचा प्रयत्न करणार. आधी आणि नंतर तू माझ्या घरी राहायचंस, हॉटेलबिटेल काही नाही. तेरोला आणता येणार नाही. विचारूही नकोस, मी तिसऱ्या मजल्यावर राहते.

मोरोबद्दल वाचलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. चाळीस वर्षं मी त्या गुराख्यावर रागावले होते. त्याला तोंडही होतं माझ्या मनात, मिशा होत्या, पिवळा रुमाल होता. आता तो माणूसच नव्हता असं कळल्यावर ह्या रागाचं काय करायचं ते समजत नाही. तुझ्यावर रागवावं असं वाटलं, जमलं नाही. तेरा वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मुलीला आणखी काय सांगणार?

नवी खुर्ची आली. फार फरक नाही, सवय व्हायला वेळ लागेल.

तुझी,
इर्मा

*

मोंतेविदेओ, ८ सप्टेंबर

प्रिय झुल्मा,

घर रिकामं झालं. तू असताना मला वाटायचं, कधी एकदा ही जाते आणि रेडिओ बंद होतो. आता मी तोच रेडिओ, त्याच स्टेशनवर, त्याच वेळी लावते आणि मेंढीच्या लोकरीचे भाव ऐकते. मला लोकरीशी काय करायचंय!

तपासणीचा शेवटचा कागद आला. हायडॅटिडच. पिशवी अख्खी निघाली, फुटली नाही. किडनीचा वरचा तुकडा गेला, बाकीची शाबूत आहे आणि काम करते आहे. ऑपरेशनच्या वेळी मला आत घेतलं होतं हे मी तुला सांगितलं नाही. सर्जन ओळखीचा, म्हणाला, बघायचं असेल तर कोपऱ्यात उभी राहा. झुल्मा, मी वीस वर्षं ह्या गोष्टी करड्या रंगात बघितल्या. त्या दिवशी ती पिशवी भांड्यात ठेवली आणि आतले लहान गोळे बाहेर आले, तर ते पांढरे होते, मोत्यासारखे, ओले, आणि इतके सुंदर की मला लाज वाटली. त्यातला एक गोळा भांड्याच्या कडेपर्यंत घरंगळत गेला. फिल्मवर मी नेमका त्यालाच ओळखत होते, वरून तिसरा. ओळखीचं माणूस रस्त्यात भेटावं तसं वाटलं.

डॉक्टर बारेइरोंना मी फोटो पाठवतेय. त्यांनी मागितले.

आता तेरो. ही विनंती नाही, हुकूम आहे. औषधवाल्याला गोळी देऊ दे. हल्लीच्या गोळीनं कुत्र्याला काही होत नाही, मी माहिती काढली, दोन जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. फोपसं आणि कलेजी कच्ची टाकायची नाही. खूप वेळ उकळून दे, नाहीतर खोल पुरून टाक. त्याला कुरवाळलंस की हात धू. आणि आनीबालच्या पोरांनाही सांग, ती त्याच्या तोंडाला तोंड लावतात, तू स्वतः सांगितलंस.

माझी तब्येत ठीक. हल्ली कॉफी सोसत नाही, जेवणानंतर जड वाटतं. वय झालं.

तुझी,
इर्मा

*

सारांदी, २० ऑक्टोबर

इर्मा,

लोकर कापायचा हंगाम चालू आहे म्हणून उशीर. कापणारे आले, गेले. मला उचलायचं काहीच नव्हतं, पोलानं मला अंगणात खुर्चीवर बसवलं होतं, राणीसारखं. मी फक्त ओरडत होते. टाका दुखत नाही.

हुकूम पाळला. मोटारसायकलचा आवाज आला तेव्हा मी ओट्याशी होते. हात फळीकडे गेला. मी तो खिशात घातला. औषधवाला दारात आला, तेरोला बघून थबकला. "हे कोण?" मी म्हटलं, "माझं कुत्रं." म्हणाला, "दोन्या झुल्मा, इतकी वर्षं येतोय, आज ओळख करून देताय." गोळी मांसाच्या तुकड्यात घालून दिली. तेरोनं मांस खाल्लं, गोळी थुंकली. पुन्हा घातली. पुन्हा थुंकली. तिसऱ्यांदा गेली एकदाची. मी संध्याकाळपर्यंत त्याच्याशेजारी जमिनीवर बसून होते, आजोबा बसले होते तशी. तो काही मेला नाही. कंटाळून झोपला. मग मी घरात गेले आणि थोडी रडले, आणि त्याला काय कळलं कोण जाणे, येऊन दारात बसला.

फोपसं आता मोठ्या पातेल्यात उकळते. घरभर वास सुटतो, आनीबाल म्हणतो तुमच्याकडे पाहुणे आलेत की काय. पण वाटा त्याचाच आधी, शिजवून का होईना. त्यात मी बदल करणार नाही. तूही आग्रह धरू नकोस. नव्या फिल्म पुन्हा खिडकीला लावल्या होत्या. पोलानं तिच्या पोरांना रांगेत उभं केलं आणि चंद्र कुठे होता आणि आता कसा नाही ते दाखवलं. आता त्यांच्याकडचीही दोन्ही कुत्री औषधवाल्याला घरी सापडतात.

आता माझं ऐक. मी अंगणात खुर्चीवर बसले होते तेव्हा करायला काही नव्हतं, तुझी पत्रं पुन्हा वाचली. तू माझ्या पत्रातलं खुराडं पकडलंस ना? मीही वाचते.

मार्चमध्ये लिहिलंस, उजव्या बरगडीखाली भार आहे, खुर्ची बदलायला हवी. जूनमध्ये नवी खुर्ची आली, फरक नाही. आता कॉफी. आणि ऑगस्टमध्ये मी तुझ्या घरी पडून होते, तू माझ्यासाठी सूप ढवळत होतीस तेव्हा दुसरा हात कुठे होता तुझा? उजव्या बाजूला दाबून धरलेला. रोज. मी विचारलं तर म्हणालीस, "सवय ग." मीही औषधवाल्याला सांगायचे, कुत्रं रानात आहे.

तूच लिहिलंस की तो गोळा कित्येक वर्षं गुपचूप वाढतो. तूच लिहिलंस की बहुतेक वेळा तो यकृतात असतो. यकृत उजवीकडे असतं, हे मला तुझ्यामुळे माहीत झालं. ही माझी गाठ तेरोची असेल, नाहीतर मोरोची. आणि मोरोच्या गळ्यात हात टाकून दुपारी पडवीत कोण झोपायचं, इर्मा? मी तर मोठी होते, मला काम असायचं. तू झोपायचीस. त्याच्या कानाला तोंड लावून त्याला गोष्टी सांगायचीस. आणि तसाच उठून त्याच हातानं भाकरी मागायचीस.

कदाचित काही नसेल. साधा फुगा असेल, चरबी असेल, कॉफी असेल. तूच सांगतेस, 'काहीतरी' ह्या शब्दाला अर्थ नाही. पण बघितल्याशिवाय कसं कळणार?

तू रोज लोकांना फोटो काढायला त्या टेबलावर झोपवतेस. एक दिवस, सगळे गेल्यावर नाही, भर दिवसा, स्वतः त्यावर झोप. फिल्म दुसऱ्या कुणाला बघायला दे, तू बघू नकोस, तुला त्यात आधी खुर्चीच दिसेल. आणि मग ती मला पाठव. मी खिडकीला लावीन. मला काही कळणार नाही, पण मी बघत उभी राहीन.

तू नाही म्हणशील. काम आहे म्हणशील, यंत्र रिकामं नसतं म्हणशील, डॉक्टरांना असलं काही होत नाही म्हणशील. मला माहीत आहे. तरी मागते. झोप त्या टेबलावर, इर्मा.

झुल्मा